गोळ्या कुणाच्या ताब्यात?

आमच्या हॉस्पिटलच्या औषध विभागात एक बाई आहेत. त्यांचं नाव पगारपत्रकापुरतं. सगळे त्यांना किल्लीताई म्हणतात. अफूच्या जातीच्या जालीम वेदनाशामकांचं कपाट त्यांच्याकडे असतं आणि त्याची किल्ली त्या कुणाच्याही हातात देत नाहीत. मोठ्या साहेबांनी एकदा मागितली, तर "कपाट उघडून देते, किल्ली नाही," असं सांगून त्यांनाही वाटेला लावलं.

मी नवा डॉक्टर म्हणून आलो आणि पहिल्याच आठवड्यात आमचं वाजलं. एकाचा घोटा मुरगळला होता. मी तीस गोळ्या लिहून मोकळा झालो. चिठ्ठी परत आली. पुन्हा पाठवली, पुन्हा परत. तिसऱ्यांदा मी तणतणत त्यांच्या खिडकीशी गेलो.

"मुरगळलेल्या पायाला तीस?" त्यांनी चष्म्यावरून बघत विचारलं. "साधी गोळी देऊन पाहिलीत? झोपेची गोळी घेतो का, दारू पितो का, विचारलंत? आणि हा रकाना?"

फॉर्मच्या तळाशी त्यांनीच भांडून छापून घेतलेला प्रश्न होता: घरी गोळ्या कुणाच्या ताब्यात राहतील? मी तिथे न विचारताच 'स्वतः' लिहीत असे. सगळेच लिहीत.

"तुम्हाला डॉक्टरच व्हायचं होतं वाटतं," मी चिडून म्हणालो.

"नाही हो. मला ताई व्हायचं होतं. तेही धड जमलं नाही."

माझा पारा तिथेच उतरला. पुढे एका दुपारी, चहा घेताना, त्यांनी आपणहून सांगितलं. त्यांचे वडील कॅन्सरने गेले. शेवटच्या दिवसांत याच गोळ्यांनी त्यांना जरा सुखाने झोपू दिलं. ते गेल्यावर चाळीसेक गोळ्या उरल्या. चांगलं औषध टाकवेना, म्हणून ताईंनी स्वयंपाकघरातल्या डब्यात ठेवून दिलं. दोन महिन्यांनी धाकटा भाऊ, रंगारी, शिडीवरून पडला, पाठीला मार बसला.

"मीच दिल्या," त्या म्हणाल्या. "औषधाच्या दुकानात होते ना मी, सगळं कळायचं मला!"

डबा संपेपर्यंत पाठ बरी झाली, पण गोळी सुटेना. भाऊ दवाखाने पालथे घालत हिंडला. जो तो मागचा कागद बघून पुढचा लिहून द्यायचा. घरात खोटं बोलणं सुरू झालं, वस्तू गायब होऊ लागल्या. एका सकाळी ताईंनी त्याला दाराबाहेर काढलं. त्यानंतर दुकान सोडून त्या इथे आल्या. त्या गोष्टीला अकरा वर्षं झाली होती.

"आजारी होता तो आणि मी त्याला चोर म्हटलं. जिन्यात पाय वाजला की अजून वाटतं, तोच आला."

त्यांच्या जुडग्यात घराची एक पितळी किल्ली होती. कुलूप जुनं, दार अडकायचं, रोज खांदा लावून उघडावं लागायचं. "बदला की एकदाचं," मी म्हणालो. त्या म्हणाल्या, "त्याच्याकडे याचीच किल्ली आहे. आला आणि लागली नाही तर?"

मागच्या महिन्यात, भर दुपारी, मनगट मोडलेला एक रंगारी आला. केस पिकलेले, नखांत पांढरा रंग. हाड बसवलं, पण साध्या औषधांनी कळ थांबेना. पूर्वी जालीम गोळ्या घेतल्यात का, मी विचारलं.

"घेतल्यात. सवय लागली होती. सुटून सहा वर्षं झाली, पण अजून भीती वाटते, डॉक्टर."

मी कमीत कमी मात्रेच्या, तीन दिवसांपुरत्या सहा गोळ्या लिहिल्या आणि रकान्यावर आलो. घरी कुणाच्या ताब्यात राहतील?

"एकटाच असतो मी. माझ्या हातात देऊ नका." मग हळूच म्हणाला, "एक ताई आहे. औषधाच्या दुकानात असायची. पण ती माझ्यासाठी दार उघडेल असं वाटत नाही."

माझं पेन थांबलं. "तुम्ही कधी शिडीवरून पडला होतात?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"तुमच्या ताई इथेच काम करतात. बोलावलं तर चालेल?"

त्याने मान डोलावली. मी स्वतःच धावत वर औषध विभागात गेलो.

ताई आल्या. अकरा वर्षं साठवलेलं बोलणं कुठे गेलं कोण जाणे. त्यांनी आधी फॉर्म वाचला. "सहा. ठीक आहे," म्हणाल्या आणि मग त्याच्याकडे बघितलं.

"किती वाळलास रे."

"तायडे..."

"गोळ्या माझ्याजवळ राहतील. सकाळ-संध्याकाळ माझ्या हातून घ्यायच्या. त्यासाठी घरी यावं लागेल." चष्मा सारखा करत त्यांनी विचारलं, "किल्ली आहे ना?"

"हरवली गं. कधीचीच."

ताईंनी जुडगा काढला. कडी घट्ट बसलेली, उघडेना. मी पुढे झालो, तर मला कोपराने बाजूला सारलं. अखेर पितळी किल्ली सुटली. ती त्यांनी त्याच्या धड हातात ठेवली आणि त्याची बोटं आपल्या हातांनी मिटली.

"दाराला खांदा लावावा लागतो," त्या म्हणाल्या. "या बाजूचा लाव. त्या हाताला धक्का नको."