तेल लावून करंट घ्यायला गेलो

आधी ताईंचं सांगतो, मग माझं. लक्ष्मीबाई नगरातल्या या ताई मेंदूवर संशोधन करतात. मी दिल्लीत कोपर्निकस मार्गावरच्या गेस्ट हाऊसच्या कॅन्टीनमध्ये कामाला आहे. रविवारी त्या तिथं साबुदाण्याची खिचडी खायला येतात आणि माझ्याशी मराठीत बोलतात. तेवढ्यावर माझा आठवडा निघतो.

माझी शाळा आठवीत सुटली. मास्तरांचं "लक्ष कुठंय तुझं?" मात्र सुटलं नाही. दहावीला बाहेरून बसावं असं फार मनात होतं, पण फॉर्म आणला की घडी घालून तसाच ठेवून द्यायचो. आपलं डोकं जागेवर राहत नाही. नापास होऊन गावात हसं कशाला करून घ्या?

एका रविवारी ताई म्हणाल्या, "अरे, आमच्या प्रयोगाला येशील का? माणसाचं लक्ष कसं चालतं ते बघतोय. डोक्यावर ओले स्पंज ठेवून अगदी बारीक करंट सोडतो. कुणाला खरा मिळतो, कुणाला सुरुवातीला नुसती चुणचुण होते आणि बंद. कुणाला कुठला, ते तेव्हा मलाही माहीत नसतं."

यातलं मी ‘करंट’ एवढंच ऐकलं आणि हो म्हणालो.

मोठ्या कामाला निघताना डोक्याला तेल लावायचं, ही आईची शिकवण. भरपूर खोबरेल चोपडून, भांग पाडून मी लॅबमध्ये हजर. ताईंनी स्पंज ठेवले, पट्टा आवळला. यंत्राची डबी काही चालू होईना. त्यांनी माझ्या केसांना बोट लावलं आणि ते चकचकीत बोट माझ्यासमोर धरलं.

"हे काय?"

"परीक्षा आहे म्हणून..."

"अरे देवा! तेलातून करंट जाईल कसा? भजी तळायचीत का डोक्यावर?"

मग बेसिनमध्ये माझी मान वाकवून त्यांनी स्वतः शाम्पू चोळला. दिल्लीत आल्यापासून माझ्या डोक्यावरून कुणाचा हात फिरला नव्हता. साबणाच्या नावाखाली डोळे पुसून घेतले.

प्रयोग सोपा होता. नजर स्क्रीनच्या मधोमध ठेवायची आणि डावी-उजवीकडे ठिपका दिसला की बटण दाबायचं. टाळूवर मुंग्या चालल्यासारखं झालं. म्हटलं, भरला करंट!

परत आल्यावर कॅन्टीनचे मोठे उस्ताद, म्हणजे आमचे मुख्य आचारी, म्हणाले, "क्यों भई, अब सिर से फोन चार्ज करेगा?" मी स्टीलच्या ट्रेला हात लावून "झ्झ्झ" करत असा उडालो, की भांडी घासणाऱ्याने हातातली कढई टाकून पळ काढला. पुढे कितीतरी दिवस माझा चहा सगळे दुरूनच सरकवायचे.

पण खरंच फरक पडला, यार. कुणाला बिनसाखरेचा चहा, कुणाला कमी तिखट, सगळं लक्षात राहू लागलं. त्या जोरावर फॉर्म भरला, क्लास लावला. गणितसुद्धा सुटू लागलं. कुणी विचारलं की मी आपलं टाळूवर बोट ठेवायचो.

सगळ्यांचे प्रयोग संपल्यावर ताई आल्या. खिचडी खाता खाता म्हणाल्या, "तू खोट्या करंटवाल्यांत निघालास."

"म्हणजे डोक्यात काहीच गेलं नाही?"

"शाम्पू गेला असेल थोडा."

मी हातातला ट्रे खाली ठेवला. "मग परीक्षेचं रद्द करू?"

"का? गणितं कोण सोडवत होतं?"

"मीच. पण ताई, मी ढ निघालो तर?"

"आमचं यंत्र हुशार-ढ मोजत नाही रे. खरा करंट घेतलेलेही काही जण पेंगले स्क्रीनसमोर."

"मग एकदा खरा देऊन बघा ना!"

"बिल्कुल नाही. अभ्यास कर."

आतून उस्ताद ओरडले, "मैडम, इसको क्यों बता दिया? अब फिर ऑर्डर भूलेगा!"

विसरलो नाही. धास्ती आहेच, पण पेपर मी देणार आहे. ताई म्हणतात, त्यांच्या प्रयोगाला माझ्यासारखी, शाळा सुटलेली माणसं येतच नाहीत. आलीच तर लॅबच्या दारातूनच घाबरून परततात. दहावी झाली की सुट्टीच्या दिवशी त्या दारात मी बसणार आणि एकेकाला समजावून आत पाठवणार. घाबरलेल्याची भाषा मला चांगली येते. ताई, तुमचं मी असं फेडीन.