नव्या वस्तीतला तान्हा पोळा

हसायचं असेल तर आधी चहा संपवून घ्या. मागे हीच गोष्ट ऐकताना एका दोस्ताने अख्खी बशी माझ्या धोतरावर ओतली होती. शहाणपणा करायला जाऊन माणूस किती मोठा गाढव ठरतो, ते बघायचं असेल तर लांब जायला नको. तो इथेच, तुमच्यासमोर बसलाय.

वऱ्हाडाचा कारभार नागपुरातून चालायचा तेव्हाची गोष्ट. मी अमरावतीत म्युनिसिपल कमिटीच्या जकात नाक्यावर कारकून होतो. माझी बायको गोदा आणि आमची एकुलती एक सुमी अंजनगावला, माझ्या आईवडिलांजवळ. मी इथे सरकीच्या गोदामामागे एका खोलीत. त्या सरकीचा वास अंगात असा मुरला होता, की रस्त्यावरच्या गाई माझ्याकडे आशेने बघायच्या.

शनिवारी मोटारीने अंजनगाव गाठायचं, रविवारी संध्याकाळी परत. निघताना सुमी मोटारीच्या दांडीला धरून विचारायची, "बाबा, आपलं घर कवा होते?"

मी म्हणायचो, "होईल गं लवकरच." मोटार सुटायची आणि पार पथ्रोट येईपर्यंत मी मान वळवून मागेच बघत बसायचो. खोटं कशाला सांगू?

घराचं स्वप्न काही हवेत नव्हतं बरं का. शहराच्या परकोटाबाहेर कमिटीने नवी वस्ती पाडली होती आणि सोडतीत मला कोपऱ्यावरचा प्लॉट लागला होता. फक्त बांधायची परवानगी यायची होती. मी रोज संध्याकाळी तिथे जाऊन उभा राहायचो. चुन्याने जमिनीवर खोल्या आखून ठेवल्या होत्या. हे स्वयंपाकघर, ही पडवी, ही सुमीची खिडकी. सुमीला एकदा आणून सगळं दाखवलंसुद्धा. चपला बाहेर काढून ती चुन्याच्या रेघेवरून आत गेली आणि खिडकीपाशी बसली.

पण गोदाची अट होती. "घर अन् शाळा जवळजवळ असन तं येऊ. तुमच्या घरासाठी माही पोरगी अडाणी ठेवत नाही." बोलणं खरंच होतं. नव्या वस्तीतून जवळची शाळा म्हणजे परकोटाच्या आत, पार त्या टोकाला.

आणि कमिटीचं कसं, तर वस्तीत पोरं दिसल्याशिवाय शाळा नाही. लोकांचं कसं, तर शाळा असल्याशिवाय पोरं घेऊन राहायला येणार नाहीत. दोघेही आपापल्या जागी बरोबर आणि मधल्या मध्ये सुमीची खिडकी अडकलेली.

अशात कळलं, की शाळांचे नवे डेप्युटीसाहेब वस्ती पाहायला येणार. पोरं किती आहेत ते डोळ्यांनी बघणार आणि शाळेचं ठरवणार. वस्तीत तेव्हा मोजकी घरं आणि पोरं त्याहून कमी. माझा धीर सुटला.

वस्तीला लागून पुंडलिक माळ्याचा वांग्याचा मळा होता. त्याच्याजवळ रडगाणं गायलो.

"साहेब येऊन कवा राहिले?" त्याने विचारलं.

"पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी."

"मंग रडता काहून भाऊ? तान्ह्या पोळ्याले पोट्ट्यायची काय कमी? तोरण बांधा, बोजारा देतो म्हना, अन् पाहा."

आता पुण्यामुंबईच्या मंडळींसाठी सांगतो. मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे पोरांचा पोळा असतो. चाकं लावलेले लाकडी बैल सजवून पोरं तोरणाखाली जमतात, आणि मग त्यांना खाऊ द्यायचा, तो बोजारा. साहेब होते पुण्याकडचे, वऱ्हाडात नुकतेच आलेले. त्यांना यातलं काय ठाऊक? मला तर वाटलं, देवच पावला.

माझ्याच प्लॉटसमोर तोरण बांधलं. पुंडलिकने गावभर सांगितलं, की नव्या वस्तीत पेढ्याचा बोजारा आहे. वरून त्याने पोरांना तंबी दिली, "कोनी इचारलं तं याच वस्तीतला म्हनजा. नाई तं पेढा नाई."

अहो, काय लोटली पोरं! बुधवाऱ्यातली, राजापेठेतली, बडनेऱ्याच्या वाटेवरची. बैलांच्या चाकांचा असा खडखडाट, की टांग्याचा घोडा बुजला. साहेब उतरले आणि बघतच राहिले. कमिटीचा कारकून म्हणून मी पुढे झालो.

"हे तोरण?"

"आपल्या स्वागताला, साहेब."

"आणि बैल?"

"खेळतात, साहेब. इथल्या पोरांना जनावरांची आवड."

साहेब खूश. एका पोराला जवळ घेऊन म्हणाले, "बाळ, तू कुठं राहतोस?"

"नव्या वस्तीत."

"घर कोणतं तुझं?"

आता ही तयारी आम्ही करून घेतली नव्हती. पोराने इकडे तिकडे पाहिलं आणि समोरच्या माझ्या प्लॉटकडे बोट केलं. "ते काय."

"तिथं तर घर नाही."

"बांधून राहिले ना," पोरगं म्हणालं.

साहेबांनी दुसऱ्याला विचारलं. त्याचंही बोट तिकडेच. तिसऱ्याचंही. पेढा हातचा जाऊ नये म्हणून जो तो माझ्याच स्वयंपाकघराकडे बोट दाखवू लागला.

साहेब माझ्याकडे वळले. "काय हो कारकून, एका घरात इतकी मुलं?"

त्या क्षणी खरं बोललो असतो तर आज तुम्हाला चहा पाजायला माझ्या पडवीत बसवलं असतं. पण माझ्या तोंडून निघालं, "एकत्र कुटुंब आहे, साहेब."

साहेबांनी मान डोलावली. पेढे वाटले, पोरं पांगली, मी अंजनगावला जाऊन गोदाला सांगितलं, की शाळा आलीच समज.

आलीच की. साहेब हुशार माणूस. त्यांनी कमिटीला सांगितलं, की घरं बांधायच्या आधीच या वस्तीत एवढी मुलं, तर बांधल्यावर काय होईल? एका खोलीची शाळा पुरायची नाही, मोठी बांधा. ती होईपर्यंत एकाही नव्या घराला परवानगी देऊ नका. आणि बहुतेक मुलं कोपऱ्यावरच्या एकाच घरातली आहेत, तेव्हा शाळा त्याच कोपऱ्यावर घ्या.

त्याच कोपऱ्यावर, म्हणजे माझ्या प्लॉटवर. आता हसा.

मला बदली प्लॉट मिळणार होता, नाल्यापलीकडे, तिकडची आखणी होईल तेव्हा. तक्रार कुठल्या तोंडाने करायची? एकत्र कुटुंब मीच जमवलं होतं. पुढे एका संध्याकाळी जाऊन पाहिलं तर मजुरांनी चुन्याच्या रेघांवरून पाया खणायला घेतला होता. सुमीच्या खिडकीची जागा मी पायाने जरा सारखी केली आणि तिथेच बसून राहिलो. फार वाईट वाटलं हो.

शाळा टोलेजंग झाली आणि मोकळीच राहिली. तोवर एकही नवं घर उठू दिलं नव्हतं, मग पोरं येणार कुठून? शेवटी कमिटीने हुकूम काढला, की कमिटीच्या नोकरांनी आपापली मुलं या शाळेत घालावीत. असा माझा संसार अमरावतीला आला. सरकीच्या खोलीत. गोदाने नाकाला पदर लावला आणि म्हणाली, "शाळा मांगतली तं शाळा देल्ली तुमी. घर मांगाले चुकलीच मी." पण चूल मांडली तिने. रात्री सुमीचा हात माझ्या अंगावर पडायचा, तेव्हा सरकीचा वासही येईनासा व्हायचा.

पुढे एकदा सुमी पाटी विसरली म्हणून मी शाळेत गेलो. चपराशाने दारातच अडवलं. "बाहेरच्याले आत जाता येत नाई." मी पाटी घेऊन पहिलीच्या खिडकीशी उभा राहिलो. आत डेप्युटीसाहेब तपासणीला आलेले, आणि नेमके सुमीला विचारत होते, "बाळ, तुझं घर कुठं आहे?"

सुमी उभी राहिली. "हेच. इथं आई सैपाक करन. तिथं बाबा बसतीन. अन् ही माही खिडकी."

साहेबांनी खिडकीकडे पाहिलं. मला ओळखलं. मिशीत हसले.

"काय हो कारकून, एकत्र कुटुंब ना?"

मी पाटी गजांतून आत दिली आणि म्हटलं, "होय साहेब. फक्त घरमालक तेवढा बाहेर राहतो."