बाजूने की विरोधात

रेडिओ केंद्रात तिला सगळे फोनबाई म्हणत. खरं नाव फक्त हजेरीपुरतं उरलं होतं. दुपारी चार वाजता लोकांच्या फोनवर चालणारा एक कार्यक्रम असायचा, आणि त्यासाठी येणारा प्रत्येक फोन आधी तिच्या कानात पडायचा. तिने पसंत केला तर निवेदकाकडे जायचा, नाही तर तिथेच संपायचा. एवढी सत्ता भल्याभल्या साहेबांकडे नसते. फक्त ही सत्ता खिडकी नसलेल्या खोलीत, डगमगत्या खुर्चीवर बसून चालवायची होती.

सुरुवातीला कार्यक्रमात रस्त्यातले खड्डे, शाळांच्या वेळा, पाण्याचा दाब असले विषय असत. मग एकदा कुणीतरी धर्माचं काढलं आणि फोनची रांग लागली. तेव्हापासून निवेदकाला वाट सापडली. आठवड्यातून तीन-चार दिवस धर्म. सरकारी समारंभात प्रार्थना असावी का, कचेरीच्या भिंतीवर कुणाचं चित्र असावं, निवडून आलेल्याने आधी कुठे जाऊन डोकं टेकवावं. निवेदकाला केंद्रात तोफ म्हणत. तोफ स्वतः काय मानते हे त्याच्या बायकोलाही ठाऊक नसावं. त्याने फोनबाईला बजावून ठेवलं होतं, ''बाजूने की विरोधात, एवढंच विचारायचं. ज्याला दोन्हीकडचं पटतं त्याला घरी बसू दे. कुंपणावरच्या माणसाला ऐकायला कोणी रेडिओ लावत नाही.''

ती तसंच विचारायची. 'बाजूने' म्हणणाऱ्याचा नंबर पडद्याच्या डावीकडे, 'विरोधात' म्हणणाऱ्याचा उजवीकडे. काही जण चाचरत म्हणायचे, तसं नाही हो ताई, मला फक्त विचारायचं होतं. एका बाईला विचारायचं होतं की आजारी नवऱ्यासाठी रोज प्रार्थना करते, पण आता मनातून राग येतो, हे पाप आहे का. फोनबाई म्हणाली, सगळ्या लाईन भरल्यात. दुसरं काय म्हणणार? त्या बाईला डावीकडे टाकता येत नव्हतं, उजवीकडेही नाही.

इतक्या वर्षांत तिच्या एक लक्षात आलं होतं. रांगेत थांबलेला माणूस वेगळा आणि माईकवर गेलेला वेगळा. थांबलेला असतो तेव्हा तो नातवाला गप्प करतो, भांडं खाली उतरवायला सांगतो, तिला म्हणतो, फार वेळ लागेल का ताई, पाय दुखतात. आणि माईक लागला की त्याच्या अंगात येतं. मग तो 'मी' म्हणत नाही, 'आम्ही' म्हणतो. ज्यांची तोंडंही कधी पाहिली नाहीत अशा लाखो लोकांच्या वतीने बोलतो. शेजाऱ्याशी ज्याची दूध-साखरेची देवाणघेवाण आहे, तोही 'हे लोक' म्हणून सुरू होतो. उचलली जीभ लावली टाळ्याला. तिला सुरुवातीला हसू यायचं. पुढे यायचं बंद झालं.

तिच्या स्वतःच्या आयुष्यातही एक माईक होऊन गेला होता.

बाप शिंपी. आई ती शाळेत असतानाच गेली, आणि बापाने मशीन चालवता चालवता मुलगी वाढवली. लहानपणी ती अखंड बोलायची, म्हणून तो तिला खुळखुळा म्हणायचा. दुकानात बसून ती बडबडायची आणि तो टाचण्या ओठात धरून नुसता हं हं करायचा. पुढे खुळखुळ्याने छापखान्यातल्या एका मुलाशी लग्न ठरवलं, दुसऱ्या धर्मातल्या. बाप ओरडला नाही. दोन दिवस जेवला नाही, एवढंच. पण त्यांच्या प्रार्थनाघरात लोकांनी सभा बोलावली, आणि म्हणाले, जे काय आहे ते चारचौघांत सांगा. तो उठला, माईकवर गेला आणि म्हणाला, मला मुलगी नाही. बाहेर रस्त्यावर कर्णा लावलेला होता. ती त्याच्याखाली उभी होती. ती आत जाऊन बापाचे पाय धरणार होती, पण त्यानंतर कुठल्या तोंडाने जाणार?

संसार बरा झाला. नवरा गुणी होता, फक्त आयुष्य घेऊन आला नव्हता. दोन वर्षांपूर्वी तापाने गेला. त्याला शेवटचा निरोप द्यायच्या वेळी त्याच्या माणसांनी विचारलं, तू आमच्यातली झालीस का? ती झाली नव्हती; नवऱ्याने कधी तसं म्हटलंच नव्हतं. मग फाटकाच्या आत तिला घेतलं नाही. इकडच्यांनी आधीच नाव कापलेलं. दोन्हीकडच्या देवांना तिचं काही वावडं नसावं, माणसांना होतं. आता एक खोली, एक ताट, एक वाटी. संध्याकाळी घरी गेल्यावर ती कुलूप काढायची, आणि सकाळी कामावर येईपर्यंत तिच्या तोंडातून शब्द निघायचा नाही. कधीकधी पाणी तापायला ठेवून ती 'चला' असं मोठ्याने म्हणायची, आवाज शाबूत आहे ना ते बघायला. वडिलांना भेटावं असं रोज वाटायचं. बस पकडली की अर्धा तास. पण ज्याने चारचौघांत दार लावलं, त्याने चारचौघांतच ते उघडावं, असं तिने मनाशी घट्ट धरून ठेवलं होतं. स्वभावाने बापावरच गेली होती.

त्या दिवशी तोफ उत्साहात आत आला. म्हणाला, ''फोनबाई, आज जोरदार विषय आहे. धर्माबाहेर लग्न केलेल्या मुलांना आईवडिलांनी परत घरात घ्यावं का? फोन उचलून उचलून हात दुखतील तुमचे.''

''मी आज रजा घेतली असती,'' ती म्हणाली.

''का? बरं नाही का?''

''बरी आहे,'' ती म्हणाली आणि कानाला यंत्र लावलं.

फोन खरंच कोसळले. उजवी बाजू भराभर भरली. एक गृहस्थ म्हणाले, अशी मुलं म्हणजे सडका दात, उपटायचा. एक बाई म्हणाल्या, प्रेम बिम ठीक आहे, पण समाजात राहायचं असतं आम्हाला. डावीकडे चार-पाच तरुण होते. तेही तावातावाने, घटना आणि हक्क. मुलगी हा शब्द दोन्हीकडे होता. पण एकाही बोलण्यात तिला एखादी मुलगी दिसेना.

मग एक फोन लागला आणि पलीकडे कुणी बोलायच्या आधी घसा खाकरला. ओठ मिटून, आतल्या आत, जणू अजून टाचण्या धरल्यात.

तिचा हात तसाच राहिला.

''नमस्कार. विषय ऐकला मी,'' बाबा म्हणाले. ''मी शिंपी. म्हणजे होतो. आता डोळे साथ देत नाहीत.''

तिने आवाज सांभाळला. कचेरीचा आवाज तिला होताच. मोजके शब्द, प्रत्येकाला सारखे. ज्याला अखंड बडबडणारी पोर आठवत होती, त्याने या आवाजात तिला कशी ओळखावी?

''बाजूने की विरोधात?'' तिने विचारलं.

''असं एकदम कसं सांगू?''

नियमाप्रमाणे इथेच फोन तोडायचा. ''सांगा सावकाश,'' ती म्हणाली.

''माझीच मुलगी आहे हो बाई. गेली. म्हणजे आहे, इथेच गावात कुठेतरी आहे. मीच नाही म्हटलं तिला, भर सभेत. तेव्हा सगळे बघत होते ना. घरी येऊन बसलो तेव्हा कळलं काय बोलून आलो ते. तुमचा वेळ घेतोय मी?''

''नाही. बोला.''

''मी रोज जातो प्रार्थनेला. बाकीचे काय काय मागतात. मी तिचंच घेऊन बसतो. परत यावी असं मागत नाही, तेवढा माझा हक्क राहिला नाही. बोलायला कुणी असावं तिच्याजवळ, एवढंच. फार बोलायची हो ती. डोकं उठवायची.''

तिने आपल्या यंत्राच्या माईकवर हात ठेवला, म्हणजे तिचा श्वास पलीकडे जाऊ नये. तिला ओरडून सांगावंसं वाटलं, बाबा, कुणी नाही जवळ, मीच आहे ही. नुसतं 'बाबा' म्हणायचं होतं. ते शब्द अगदी ओठावर आले.

''मग तिला भेटत का नाही?'' तिने विचारलं.

''तोंड कुठे आहे? म्हणून तर फोन केला. ज्या तऱ्हेने बोललो त्याच तऱ्हेने परत घ्यावं म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. आमच्याकडचे सगळे ऐकतात हा कार्यक्रम. सांगून टाकतो की चुकलो, ये घरी. कुठे असेल तिथे ऐकेल.''

नेमकं हेच तर तिला इतकी वर्षं हवं होतं. एक शब्द बोलली असती तर दोघांचा प्रश्न तिथेच सुटला असता. पण मग ते खोलीतल्या खोलीत झालं असतं, दोघांपुरतं. तिला ते कर्ण्यावरून हवं होतं. त्या रस्त्यावर उभ्या असलेल्या मुलीला ते ऐकवायचं होतं. माईक माणसाचं काय करतो हे त्या इमारतीत तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि तरी तिला वाटलं, माझा बाप तसा नाही. आपला तो बाब्या, दुसरं काय?

''थांबा. तुम्हाला पुढे घेते,'' ती म्हणाली, आणि रांगेतले सगळे ओलांडून तिने त्यांचा नंबर डावीकडे सर्वांत वर टाकला. बाजूने.

काचेपलीकडे तोफने पडदा पाहिला आणि बटण दाबलं.

''बोला काका. तुम्ही म्हणता, परत घ्यावं?''

''हो, म्हणजे माझं असं आहे की...''

''आत्ताच एक श्रोते म्हणाले, असे आईबाप धर्माला कमीपणा आणतात. तुम्हाला धर्माचं काही नाही का?''

''नाही कसं?'' बाबांचा आवाज जरा उंच झाला. ''मी जन्मात नियम मोडलेला नाही. विचारा कुणालाही.''

''मग आज तुमचे लोक ऐकतायत, त्यांना सांगा ना. उद्या प्रत्येकाची मुलगी असंच करेल. चालेल?''

''तसं नाही चालणार.''

''आणि तुमच्याच घरात झालं असतं तर? आली समजा मुलगी दारात. सरळ सांगा काका, दार उघडाल?''

कानात नुसती खरखर होती. ती खुर्चीवरून उठून उभी राहिली होती. काचेपलीकडून तोफ हात गोल फिरवून खुणावत होता, लवकर, लवकर. रेडिओवर शांतता चालत नाही.

''आम्ही दार उघडत नसतो,'' बाबा म्हणाले. आवाज खणखणीत होता, सभेतला. ''आमच्यात ती पद्धत नाही.''

तोफने टाळ्यांचं बटण दाबलं. टाळ्या डबाबंद होत्या, कधी काळी कुठल्या तरी नाटकात भरून आणलेल्या. ''आमच्या बाईंनी काकांना चुकून दुसऱ्या बाजूला टाकलं होतं,'' तो श्रोत्यांना हसत म्हणाला आणि पुढचा फोन घेतला.

बोलून झालं की फोन परत तिच्याकडे यायचा, आभार मानण्यापुरता. दिवा लागला. तो बराच वेळ लागलेलाच राहिला. मग तिने बसून घेतलं आणि बटण दाबलं.

''धन्यवाद,'' ती म्हणाली. नेहमीचा शब्द होता, सवयीने निघाला.

''झालं का?'' बाबांनी विचारलं. आवाज पुन्हा बसला होता. ''गेलं ते सगळीकडे?''

''हो.''

''मला तसं बोलायचं नव्हतं हो. त्यांनी विचारलंच असं. ते लोक ऐकतायत म्हणाले ना, मग एकदम...'' त्यांनी घसा खाकरला. ''ते पुसता येतं का?''

''नाही. थेट असतं.''

''थेट,'' ते म्हणाले. तिला त्यांचा श्वास ऐकू येत होता, म्हाताऱ्या माणसाचा, जिना चढून आल्यासारखा. एवढ्या वर्षांत ते इतके जवळ कधी आले नव्हते. ती अजूनही सांगू शकत होती. पण आता सांगितलं तर त्यांना पहिल्यांदा हेच कळलं असतं, की मुलीने ऐकलं. ते ओझं घेऊन म्हातारा एकटा त्या घरात काय करेल, हे तिला नीट दिसलं.

''बाई, एक विचारू?''

''विचारा.''

''ती ऐकत असेल का हो?''

तिने डोळे पुसले आणि आवाज कचेरीचा केला. ''नाही. या वेळेला रेडिओ ऐकायला सवड कुणाला असते? सगळी कामावर असतात.''

''हो, ते खरं,'' बाबा म्हणाले, आणि त्यांचा जीव भांड्यात पडल्याचं तिला स्पष्ट ऐकू आलं. ''कामावरच असेल ती. बरं झालं.''