माझ्या बोटाचं रक्त

भावाचा फोन सकाळी सातला आला. अकोल्याहून सातला फोन म्हणजे एक तर कोणी गेलं, नाही तर कोणी भांडलं.

"बाई, तुयं ते रक्ताचं काढून टाक पहिले," भाऊ म्हणाला.

"कोन्तं रक्ताचं?"

"मोबाइलवर फिरून राह्यलं ते. हिवरखेडवाल्यायनं पायलं असंन, त पोरीचं लगन मोडलंच समज."

भाचीचं जमलं होतं. मुलगा हिवरखेडचा, घरची संत्र्याची बाग, नोकरी अकोल्यात. दोघांनी एकमेकांना मनापासून पसंत केलं होतं. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, पुढच्या रविवारी. आणि मी, मुलीची सख्खी आत्या, नेमक्या त्याच दिवसांत अकोल्याच्या एका शाळेत भाषण ठोकून आले होते. ते कोणीतरी मोबाइलवर टिपलं आणि दिलं सोडून.

माझं कामच ते. अमरावतीला कॉलेजात मानववंशशास्त्र शिकवलं, आणि सुटीच्या दिवशी प्लास्टरच्या कवट्या पिशवीत घालून एसटीनं गावोगाव फिरले. माणूस आफ्रिकेतून कसा निघाला, दोन पायांवर कशाला उभा राहिला, अक्कलदाढ आपल्याला एवढी का छळते, हे सांगत. सुरुवातीला लोक सरळ जांभया द्यायचे. बार्शीटाकळीकडच्या एका गावात एक म्हातारे गृहस्थ उठून म्हणाले, "बाई, हे सारं तिकडचं झालं. इथचं काई हाय का?" मला राग आला. पण परतीच्या एसटीत बसल्यावर वाटलं, म्हाताऱ्याचं चुकलं काय?

तेव्हापासून मी सिकलसेल सांगायला लागले. रक्तातला एक बदल. आई किंवा बाप, दोघांपैकी एकाकडूनच आला तर माणूस फक्त वाहक असतो. धडधाकट असतो, उलट मलेरियात बाकीच्यांपेक्षा जास्त तगतो, आणि म्हणून तर हा बदल हजारो वर्षं टिकून राहिला. दोघांकडून आला तर मात्र आजार. हाडं ठणकतात, लेकरू सारखं दवाखान्यात. माणूस कसा घडत गेला हे याहून सोपं करून मला सांगता येत नाही.

मी स्वतः वाहक आहे. एका शिबिरात बोटाला सुई टोचून घ्यायला कोणी पुढे येईना, तेव्हा चिडून मी माझंच बोट पुढे केलं होतं. औषधाच्या नळीत रक्ताचा थेंब टाकला, पाच मिनिटांत पाणी गढूळ झालं, आणि नळीमागच्या कागदावरच्या काळ्या रेघा दिसेनाशा झाल्या. असं मला माझं कळलं. पुढे तो माझा हुकमी प्रयोगच होऊन बसला. टाळ्या पडायच्या. खोटं कशाला बोलू, मला त्या टाळ्या आवडायच्या.

त्या शाळेतही मी तेच केलं, आणि नेहमीसारखं वर म्हटलं, "हे मला आईवडिलांपैकी एकाकडून आलंय. माझ्या भावातही असेल, त्याच्या मुलांतही असेल." हे वाक्य मी किती स्टेजवरून म्हटलं असेल त्याचा हिशोब नाही. भावाला मात्र एकदाच म्हटलं होतं. तो भरल्या ताटावरून उठला. "ते आपल्यात नसते," म्हणाला. आपल्यात म्हणजे कोणात, हे त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. दोघांनाही ठाऊक होतं. जातीवर गेलेलं बोलणं मी गिळलं आणि अमरावतीला निघून आले.

ते चार दिवस मी कसे काढले माझं मला माहीत. जीव नुसता टांगणीला. शाळेला फोन केला, पण एकदा फिरायला लागलेलं कोण परत आणणार? माझ्या तोंडाळपणानं पोरीचं मोडतं की काय ही एक धास्ती. दुसरी तिच्याहून वाईट होती. पोरगी वाहक असली आणि तो मुलगाही निघाला, तर? आणि मी, गावाला शहाणपण शिकवणारी, तोंडाला कुलूप लावून अक्षता टाकणार?

गुरुवारी मुलाचे आईवडील साक्षगंधाचं ठरवायला येणार होते. मी सकाळच्या गाडीनं अकोल्याला गेले. जठारपेठेतल्या घराच्या पायरीवरच भावानं गाठलं.

"इचारलंच त लाल शाई होती म्हनजो. पोरायसाठी केलेलं नाटक."

"मले खोटं बोलाले लावतं?"

"मंग पोरगी घरात ठेवू का जनमभर?"

मी त्याला चार शब्द सुनावणार होते. तेवढ्यात भाची दारात आली. केस धुतलेले, नवा ड्रेस, चेहरा एवढासा झालेला. मी होकाराची मान हलवली. झालं, तिथंच मी घसरले.

पाहुणे आले. चहा झाला, हॉलचं ठरलं, कोणी व्हिडिओचा व सुद्धा काढला नाही. मी आत स्वयंपाकघरात आले. वहिनी भजी तळत होती. मागोमाग मुलाची आई आली, पदर सावरत ओट्याशी उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "ताई, ते रक्त खरंच तुमचं होतं का वं?"

"नाई हो. शाई होती. पोरायले समजावाले करा लागते."

तिचा चेहरा उतरला. मला वाटलं होतं तिला हायसं वाटेल.

"असं का," ती म्हणाली. "मले वाटलं, या घरी तरी बोलता येईन. मायी धाकटी पोरगी त्या बिमारीची हाय. सोयरे येतात तवा आमी तिले मामाच्या गावी धाडतो."

पोरीला आजार म्हणजे आईबाप दोघंही वाहक. म्हणजे मुलगाही असण्याचा संभव मोठा. ही बाई धीर एकवटून सांगायला आली होती, आणि मी तिच्या तोंडावर दार लावलं होतं.

"मी खोटं बोलली," मी म्हणाले. "रक्त मायंच होतं. आमच्याही घरात हाय ते."

ती भडकली. "शिकलेल्या बाई तुमी, अन् खोटं काहून बोलल्या?" वहिनी झारा हातात धरून उभी होती, कढईतली भजी काळी पडली.

मग तिनं आणि मी मिळून दोन्ही पोरांना दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नेलं. भाऊ आला नाही. शनिवारी दुपारी रिपोर्ट मिळाला. मुलगा वाहक. भाची स्वच्छ, तिच्या रक्तात काही नाही. मी दवाखान्याच्या पायरीवर बसून रडले. दोघांच्या लेकरांना आजार होण्याची भीतीच संपली. फार तर लेकरं वाहक निघतील, माझ्यासारखी. वाटेत पावशेर पेढे घेतले.

भावानं मी समजावलेलं सगळं ऐकलं, रिपोर्ट वाचला, त्याची घडी घातली आणि म्हणाला, "त्यायच्या घरात बिमारी हाय. मी पोरगी देत नाई."

"अरे, पन धोका नाई! आत्ताच त समजावून सांगतलं ना तुले!"

"तूच म्हंतं ना, खरं कळलं पायजे. कळलं. मायी पोरगी साफ हाय, त्यायचा पोरगा नाई."

मी आरडाओरडा केला. आईबापाकडून लेकरात काय जातं याचे चौकोन कागदावर काढून दाखवले, पुन्हा काढले. जगाला समजावलं आणि सख्ख्या भावापुढे माझं शास्त्र पालथ्या घड्यावर पाणी ठरलं. सगळ्यात वाईट म्हणजे, मी तोंड उघडलं नसतं तर हे लग्न बिनघोर पार पडलं असतं. ते मला खायला उठलं.

भाची आतून माझी पिशवी घेऊन आली. तीच, प्रयोगाची. तिनं ती वडिलांपुढे ठेवली. ती रडत नव्हती.

"बाबा, बोट द्या."

"काहून?"

"त्यायचं पायलं, मायं पायलं. आता तुमचं पाहू. साफ निघालं त तुमी म्हनान तसं. मी एक शब्द बोलनार नाई."

"ए पोरी, असं कबूल करू नको," मी म्हणाले. भावात ते असेल किंवा नसेल. नसलं तर ही पोरगी आपल्याच शब्दानं बांधली जाणार होती. पण तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. भावानंही इरेला पेटून हात पुढे केला.

मी सुई टोचली. थेंब नळीत पडला. कागद मागे धरला. पाच मिनिटं थांबायचं होतं. मी देव न मानणारी बाई, पण मनातल्या मनात हात जोडून म्हणत होते, गढूळ होऊ दे, बापा, गढूळ होऊ दे. सख्ख्या भावासाठी कोणी असं मागतं का?

रेघा फिक्या झाल्या. मग दिसेनाशा झाल्या.

भावानं नळी माझ्या हातातून घेतली, खिडकीशी जाऊन पाहिली, उलटसुलट करून पुन्हा पाहिली. मग खाली बसला. त्याचा सगळा ताठा गेला होता. त्यानं आपल्या बोटाकडे बघितलं.

"मंग मले कोनं कशी पोरगी देल्ली?" तो म्हणाला.

आठवडाभर एक शब्द न बोललेली वहिनी दारातून म्हणाली, "तवा कोनी इचारलंच नाई. त्या पोराच्या माउलीनं सोताहून सांगतलं. उठा, हिवरखेडले फोन लावा."