जोर मागणारे स्पीकर

आमच्या ह्यांच्या पलंगाला जागा हवी म्हणून मीच ते कपाटाएवढे जुने स्पीकर देऊन टाकले आणि ह्यांच्या जुन्या, काचेच्या व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरला नवे, चिमुकले जोडून घेतले. व्हॉल्व्ह तांबूस उजळले, पण गाणं भिंतीपलीकडून आल्यासारखं. दुरुस्तीवाले म्हणाले, "आजी, अँप्लिफायर ठणठणीत आहे. त्याची ताकदच थोडी. जुने स्पीकर तेवढ्यावर बोलायचे, हे नवे फार जोर मागतात."

अहो, माझे कानही आता फार जोर मागतात. अर्धांगाच्या झटक्यानंतर ह्यांचा आवाज एवढासा उरलाय. सकाळपासून एकच काहीतरी सांगताहेत. तोंडाशी कान नेला, तर श्वास जाणवला, शब्द नाही. "हो, हो," म्हटलं. मी नुसतंच हो म्हणतेय, हे त्यांना कळलं. त्यांनी डोळे मिटून घेतले.

आता कुणाचे कान आणू?