एकही मॅच न जिंकलेली टीम

आमच्या कॉलेजच्या मुलींच्या सॉफ्टबॉल टीमने एकही मॅच जिंकली नाही. खोटं कशाला बोलू? सिन्नरला हरलो, ओझरला हरलो, घरच्या मैदानावर तर पार धुतलं आम्हाला. हरलो की पंचवटीत जाऊन मिसळ खायची, अशी रीतच पडली होती. जिंकल्यावर काय खायचं, ते ठरवायची वेळच आली नाही.

निम्म्या मुली मखमलाबादकडच्या मळ्यांतल्या, पहाटे झेंडू तोडून सरावाला यायच्या. बाकीच्या आम्ही कॉलनीतल्या, कारकून-मास्तरांच्या पोरी. सगळ्याच गल्लीत भावांबरोबर क्रिकेट खेळून वाढलेल्या. आमचे खेळाचे सर कपाळावर हात मारायचे. "अगं बाई, मारलं की बॅट टाक आणि पळ! इथे बेसला पाय टेकवायचा असतो, बॅट नाही!"

दुसऱ्या वर्षाला असताना सरांनी सांगून टाकलं, एक तरी मॅच जिंका, नाहीतर पुढच्या वर्षी टीम बंद. आमची कॅचर, म्हणजे विकेटकीपरच म्हणा, पांढरीफटक पडली. ती मळ्यातली, माझी जिवाची मैत्रीण. 'खेळतेय तोवर लग्नाचं बघणार नाही,' असा तिच्या वडिलांनी सरांना शब्द दिला होता.

वर्षातल्या शेवटच्या मॅचला शेवटच्या डावात बरोबरी झाली. आमच्या दोघी बाद, तिसरी गेली की डाव संपणार; मी तिसऱ्या बेसवर आणि बॅटिंगला नेमकी तीच. तिने बॉल असा हाणला म्हणता! मी जीव खाऊन पळाले, धाव पूर्ण करायला होम प्लेटवर पाय टेकवला आणि नाचायलाच लागले. मग वळून बघते तर पहिल्या बेसपाशी बाईसाहेब मातीत आडव्या. बॅट टाकलीच नव्हती. क्रिकेटसारखी लांबवून बेसला टेकवली होती आणि पाय हातभर मागे. बेस गाठण्याआधीच ती तिसरी बाद, म्हणून माझी धावही गेली. मग जादा डावात हरलो, हे वेगळं सांगायला नको.

मिसळ खाताना ती रडत होती, "टेकवली होती गं मी!" आम्ही आधी हसलो, मग आम्हीही रडलो.

टीम बंद झाली आणि त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. आता ती नामपूरला असते, कांद्याच्या व्यापाऱ्याकडे दिलीय. माणसं चांगली आहेत. आमच्या मैदानावर पार्किंग झालंय. तिथून जाताना मला त्या सगळ्या पोरी हव्याशा वाटतात, अगदी बॉल टाकणारी ती भांडकुदळ पिचरसुद्धा.

परवा फोनवर मी तिला त्या बॅटवरून चिडवलं. ती पोटभर हसली. मग म्हणाली, "ते एक वर्ष मिळायला हवं होतं गं मला."