आमची ‘एस’ खरी की स्टिकरवाली: धनकवडी ते पाचगणी

उशीर झाला, माफी असावी. पाचगणीला जाऊन आलो त्याला तीन आठवडे होऊन गेले आणि लिहायला आज बसलोय. मधल्या काळात दोन वाचकांनी ‘काका, बरे आहात ना?’ असं विचारलं. माझ्या वयाच्या माणसाला हा प्रश्न विचारला की त्याचा अर्थ एकच असतो. तर, आहे अजून. प्रवासाचा निकाल लागला की लिहू म्हणून थांबलो होतो. तो काही लागत नाही, म्हणून लिहितो.

प्रवासाचं कारण म्हणजे आमची गाडी. घेतली तेव्हाच जुनी होती, आता तिचं वय विचारू नये. कंपनीचं नाव लिहीत नाही, मला वकील परवडत नाही. डिकीवर इंग्रजी ‘एस’ आहे. ही एस म्हणजे गाडी तीच, पण जास्त पैसे मोजले की कंपनी जास्त ताकदीचं इंजिन आणि कडक स्प्रिंगा बसवून द्यायची. पंचाईत अशी की ते ‘एस’ अक्षर पुण्यात कोणत्याही ॲक्सेसरीच्या दुकानात मिळायचं. एके काळी निम्म्या शहराच्या गाड्या एका दुपारीत एस झाल्या. आरसी बुकात असल्या गोष्टींची नोंद नसते. मी नववीत शाळा सोडली आणि पुढे कटलरीचं दुकान चालवलं. विकणाऱ्याने ‘टॉप मॉडेल आहे’ म्हणून सांगितलं, मी मान डोलावली.

या महिनाअखेर गाडीचं पासिंग संपतंय. आमचे चिरंजीव निखिल बाणेरला राहतात, कंप्युटरवर काहीतरी करतात. त्यांनी फोनवर निकाल दिला.

“बाबा, ओरिजिनल एस असेल तर ठेवू, खर्च मी करतो. पण नुसता स्टिकर असेल तर स्क्रॅप.”

“आणि आम्ही दोघांनी जायचं कशाने?”

“कॅब आहेत ना!”

कॅबवाला ‘लोकेशन काय’ विचारतो, मी सांगतो, तो ट्रिप कॅन्सल करतो. हा आमचा कॅबचा सगळा अनुभव. गाडी गेली म्हणजे आमचं बाहेर पडणं गेलं, हे मला कळत होतं. सौ. सुमनलाही कळत होतं. एस गाड्यांच्या मालकांचा एक क्लब आहे, त्यांचा मेळावा पाचगणीला होता आणि तिथे गाडी तपासून दाखला देतात असं समजलं. निघालो.

शनिवारी सकाळी लवकर निघा. आम्ही तसंच ठरवलं होतं. मी टायर, पाणी, ब्रेक ऑइल आणि पुन्हा टायर बघितले.

“अहो, गॅस बंद केलाय. आता तो बघायला पुन्हा जिना चढून वर गेलात तर मी रिक्षाने स्वारगेट गाठीन आणि एसटीने पुढे जाईन.”

कात्रजच्या बोगद्यातून बाहेर पडलो आणि हवा बदलली, असं सगळे लिहितात. माझ्या नाकात ट्रकचा धूर गेला. खेड शिवापूरच्या टोलनाक्याआधी फास्टॅगमध्ये पैसे आहेत का ते घरूनच बघून निघा, नाहीतर मागचे लोक तुमच्या आईवडिलांची चौकशी करतात. रस्ता चांगला आहे. जिथे नाही तिथे काम चालू आहे, आणि जिथे काम चालू आहे तिथे कोणी नाही.

शिरवळला मिसळ खाल्ली. मिसळ झकास, पोरगेलेसा वेटर आमच्याच गावचा वाटला.

“रस्सा अजून मिळेल का?”

“मागितला की मिळतो.”

“मग आत्ता मी काय केलं?”

“विचारलंत.”

खंबाटकीच्या घाटात माझी नजर रस्त्यापेक्षा तापमानाच्या काट्यावर जास्त होती. काटा हलला नाही. तो बिघडलाय की इंजिन थंड आहे, या काळजीत सुरूरचा फाटा चुकणार होता. वाई ओलांडून पसरणी घाट लागला. मागून एक टॅक्सी सारखी हॉर्न वाजवत होती, म्हणून मी जरा ॲक्सिलरेटर दाबला. गाडी अशी काही उसळली की सुमनने देवाचं नाव घेतलं आणि मी मनात म्हटलं, खरी आहे!

मेळावा एका हॉटेलच्या आवारात होता. राहायची खोली तिथेच घेतली, भाडं पुण्याच्या हिशेबाने जास्त आणि पाचगणीच्या हिशेबाने कमी. गाड्या रांगेत, मालक टोप्या घालून. क्लबचे अध्यक्ष देशमुख म्हणून, बोलायला मऊ माणूस. त्यांनी एसचा इतिहास सांगितला तो असा. पहिल्या एस गाड्या शर्यतीसाठी बनल्या. इंजिन इतकं तापट की शहरात चालवणं शिक्षा. दुसऱ्या पिढीत तेच इंजिन जरा माणसाळवलं, ही आमच्या गाडीची पिढी. मग कंपनीला कळलं की गिऱ्हाइकाला वेग नको, अक्षर हवंय. तिसऱ्या पिढीत इंजिन साधं झालं आणि सीटला लाल दोऱ्याची शिलाई आली. चौथ्या पिढीत शिलाईही गेली, दारावर पट्टा राहिला. आणि आताची एस? शेजारीच नवी कोरी उभी होती. मालक हिंजवडीचा, वय तिशीच्या आत.

“काका, हे बटण प्रेस करा ना, स्पोर्ट मोड. आवाज ऐका, काय फील येतो!”

दाबलं. वाघ डरकाळला.

“हा आवाज इंजिनचा?”

“नाही काका, स्पीकरमधून येतो.”

म्हणजे पहिल्या गाडीत नुसतं इंजिन होतं आणि शेवटच्या गाडीत त्याची रेकॉर्ड. प्रगती म्हणतात ती हीच असावी.

मग आमची पाळी आली. देशमुखांनी बॉनेट उघडलं, टॉर्च मारला आणि म्हणाले, “दुसऱ्या पिढीच्या खऱ्या एसला इथे छोटी पितळी पट्टी असते. तिच्यावर नंबर ठोकलेला असतो. तो नंबर हाच पुरावा.”

पट्टी होती! मी सुमनकडे विजयी मुद्रेने पाहिलं. तिचा चेहरा उतरला होता.

देशमुखांनी पट्टीवर बोट फिरवलं. “काका, ही तर गुळगुळीत आहे. आणि हे लाल काय साठलंय कडेला?”

“कुंकू,” सुमन म्हणाली.

दर खंडेनवमीला आमच्याकडे गाडीची पूजा होते. सगळे लोक बॉनेटवर स्वस्तिक काढतात. सुमन बॉनेट उघडायला लावते, कारण तिच्या मते देव इंजिनात असतो, पत्र्यावर नाही. आत सगळं काळं आणि तेलकट, त्यात ही एकच गोष्ट पिवळी, चकचकीत. तिने इतकी वर्षं तिला हळदकुंकू वाहिलं, आणि त्याआधी घरातल्या समयांसारखी चिंच लावून घासली. नंबर चिंचेबरोबर गेला.

“पट्टी नंतरही कोणी लावू शकतं,” देशमुख ओशाळून म्हणाले. “नंबर नाही तर दाखला देता येत नाही. एक मार्ग आहे. या गाड्या एका खेपेत, एकामागोमाग बनल्या. तुमच्या चॅसिस नंबरच्या अगदी आगेमागेची एखादी पक्की एस सापडली, तर तुमचीही मान्य करू.”

रविवारी टेबललँड पाहिलं. घोडेवाले फोटोसाठी मागे लागतात, एकदाच ‘नाही’ म्हणा आणि नजर वळवा. वारा छान होता. दुपारी परत निघालो. वाई मागे पडली तेव्हा सुमन म्हणाली, “मला वाटलं, ती पट्टी म्हणजे काहीतरी देवाचं आहे.”

“इतकी वर्षं एकदाही बंद पडली नाही ना? मग असेलच,” मी म्हणालो. असलं वाक्य माझ्या तोंडून निघतं यावर माझाच विश्वास बसला नाही. तिचा बसला.

घरी पोचतो न पोचतो तोच निखिलचा फोन. मी काही बोलायच्या आत सुमनने फोन घेतला.

“खरी आहे.”

“आई, सर्टिफिकेट?”

“तू सात महिन्यांचा पोटात असताना रिक्षा मिळेना तर मी पायी दवाखान्यात गेले. तेव्हा तू खरा आहेस का म्हणून कोणी सर्टिफिकेट मागितलं नव्हतं.”

 मग निखिल म्हणाला, “बरं. महिनाअखेरपर्यंत थांबतो. पण आई, पासिंगवाल्यांना हे सांगून चालणार नाही.”

त्याचंही बरोबर आहे. म्हणून वाचकहो, पाचगणीला जा, मिसळ खा, घोड्यांना नाही म्हणा, सगळं करा. पण आधी एक करा. दुसऱ्या पिढीची एस तुमच्याकडे, तुमच्या मेव्हण्याकडे, कोणाच्या पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली असेल, तर बॉनेट उघडून पट्टीवर नंबर आहे का ते बघा आणि खाली कॉमेंटमध्ये मला दोन ओळी लिहा. नंबर उघड्यावर टाकू नका, नुसतं ‘आहे’ म्हणा, चॅसिस नंबर आगेमागे जुळतो का ते मी बघतो. आज जमलं तर आज कळवा. सुमन रोज सकाळी विचारते, “कोणाचं काही आलं का?” आणि मी रोज म्हणतो, “लोक कामात असतील.”